साधं इसबगोल: मूळव्याधवाल्यांनी घ्यावं का, कसं घ्यावं, आणि सोबत काय खावं-प्यावं

मूळव्याधीसाठी मेडिकलमधून एकच वस्तू आणायची म्हटली तर मी साधं इसबगोल आणेन, बिनफ्लेवरचं, बिनसाखरेचं, नुसता पांढरा भुसा. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा स्टार कापलाय तो भुशाचा दोष म्हणून नाही, तर मी बघितलेल्या पाकिटांवर पाण्याबद्दलची सूचना बारीक अक्षरात एका कोपऱ्यात असते म्हणून. ती समोर मोठ्या अक्षरात पाहिजे, कारण इसबगोलचं निम्मं काम पाणी करतंय आणि पाणी कमी पडलं तर हाच भुसा उलटा त्रास देतो.

रिव्ह्यू मोठा होणार आहे, आधीच सांगतो. ह्या दुखण्यावर माणसं बोलतच नाहीत. गुडघा दुखला की गल्लीभर सांगतील, पण इथं दुखलं की घरात पण तोंड उघडत नाहीत, वर्षानुवर्षं रेटतात, आणि शेवटी एसटी स्टँडजवळच्या भिंतीवर "मूळव्याध, भगंदर, फिशर, बिना ऑपरेशन खात्रीशीर इलाज" असं रंगवलेलं असतंय तिथला नंबर फिरवतात. मी कोल्हापूरचा, दिवसभर खुर्चीवर बसून हिशेबाचं काम, तिखट आणि मटण दोन्ही आवडीचं. मूळव्याध दुसऱ्या ग्रेडची, म्हणजे कोंब संडासच्या वेळी बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. हे डॉक्टर मॅडमनी प्रॉक्टोस्कोपी करून, म्हणजे छोट्या नळीने आतून बघून सांगितलेलं आहे, मी अंदाजाने म्हणत नाही, आणि तुम्ही पण अंदाजाने म्हणू नका, त्याचं कारण खाली लिहितो.

आता हे करतंय काय ते बघू. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या सगळ्यांनाच असतात, त्या सुजून खाली सरकल्या की आपण मूळव्याध म्हणतो. मळ कडक होऊन खडा झाला की कुंथावं लागतं, कुंथलं की तिथला दाब वाढतो, गादी फुगते, वरून कडक मळ घासत जातो आणि रक्त येतं. मलमाने आग कमी होते, सूज थोडी बसते, पण दुसऱ्या दिवशी परत तोच खडा आणि तेच कुंथणं असेल तर मलम बिचारं किती पुरणार. इसबगोल दुखण्याच्या जागेवर काहीच करत नाही, ते वरच्या वर मळ मऊ आणि भरीव करतं, म्हणजे तो न कुंथता, न घासता बाहेर येतो, आणि गादीला सावरायला वेळ मिळतो. एवढंच. पण ह्या दुखण्यात एवढंच फार मोठं असतंय.

हे सालपट आहे एका छोट्या रब्बी रोपाच्या बियांवरचं. गुजरात, राजस्थानात पिकतं, आणि उत्तर गुजरातेतलं उंझा, सिद्धपूर हा त्याचा बाजार आणि गिरण्यांचा पट्टा. बी भरडून वरचं साल वेगळं काढतात, वजनाने साधारण पाव हिस्सा भुसा मिळतो. कापणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला की शेतकऱ्याचं उभं पीक हातचं जातं, कारण ह्या बीला पाणी लागलं की ते शोषून फुगणार आणि चिकट होणार म्हणजे होणारच. शेतात जो गुण शेतकऱ्याला रडवतो तोच आपल्या पोटात कामाला येतो, भुसा पाणी धरून ठेवतो आणि त्याची जेली होते. ही जेली आतड्यात फारशी कुजत नाही, शेवटपर्यंत टिकते, म्हणून कोबी किंवा राजम्याइतका गॅस होत नाही. अमेरिकेत आपल्या लोकांना डॉक्टर मेटाम्युसिल सांगतात आणि इंग्लंडमध्ये फायबोजेल, त्यातलं कामाचं द्रव्य हेच आहे, त्यामुळे तिकडे असाल आणि आईने इकडून डबा पाठवला नाही म्हणून अडून बसू नका.

फरक किती पडतो? फायबर आणि मूळव्याधीवरच्या सात चाचण्या एकत्र करून २००५ साली एक आढावा निघाला होता, एकूण ३७८ पेशंट, त्यात फायबर घेणाऱ्यांमध्ये रक्त पडत राहण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. दुखणं, खाज आणि बाहेर येणारा कोंब ह्यावर मात्र तेवढा ठाम फरक दिसला नाही. माझा अनुभव अगदी तसाच आहे. रक्त थांबलं, सकाळची भीती गेली, पण कोंब काही गायब झालेला नाही, जड काही उचललं किंवा प्रवासात जास्त बसलो की तो जाणवतो. त्यामुळे कुणी "इसबगोलने मूळव्याध मुळापासून जाते" असं सांगत असेल तर ते खरं नाही. तिसऱ्या-चौथ्या ग्रेडला, जिथं कोंब हाताने आत ढकलावा लागतो किंवा जातच नाही, तिथं सर्जनकडेच जायचं, इसबगोल तिथं ऑपरेशनच्या आधी आणि नंतर संडास मऊ ठेवायला लागतं तेवढंच.

आता घ्यायचं कसं, कारण निम्म्या तक्रारी इथूनच येतात. मोठा ग्लास भरून पाणी घ्या, अडीचशे मिली तरी पाहिजे, त्यात भुसा टाका, चमच्याने ढवळा आणि लगेच प्या. लगेच म्हणजे लगेच, फोन आला म्हणून बाजूला ठेवलात तर परत येईपर्यंत त्याचा लगदा झालेला असतो आणि तो घशाखाली उतरत नाही. त्याच्यावर अजून एक ग्लास साधं पाणी. चव अशी काहीच नाही, थोडी पिठासारखी, त्रास होतो तो त्या बुळबुळीतपणाचा, पहिल्या आठवड्यात अंगावर काटा येतो पण नंतर सवय होते. जुनी माणसं कोरडाच भुसा तोंडात टाकून वरून पाणी पितात, ते अजिबात करू देऊ नका, तो घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो आणि मग धावाधाव होते. ज्यांना गिळायला त्रास आहे, पॅरॅलिसिस होऊन गेलाय, आतड्याला कधी अडथळा आलेला आहे, त्यांनी हे डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायचंच नाही.

प्रमाण हळूहळू वाढवायचं. मोठा टेबलस्पून भरला तर साधारण पाच ग्रॅम होतं, चहाचा चमचा त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका. मी चहाच्या एका चमच्याने सुरू केलं, पोट कसं वागतंय ते बघितलं आणि मग वाढवत एका टेबलस्पूनवर आणलं. एकदम दोन-दोन चमचे टाकले की पोट फुगतं, गुरगुरतं, आणि माणूस म्हणतो मला हे सूट होत नाही. परिणाम पण त्याच सकाळी होईलच असं नाही, बारा तासांपासून तीन दिवसांपर्यंत लागू शकतात, ही जुलाबाची गोळी नाही. वेळ म्हणाल तर मी रात्री जेवण झाल्यावर घेतो आणि मग बाहेर एक फेरी मारतो. आपल्याकडे "झोपताना घ्या" असं सर्रास सांगतात, पण इंग्लंडच्या फायबोजेलच्या पाकिटातल्या माहितीत झोपण्याच्या अगदी आधी घेऊ नका असं स्पष्ट असतंय, आणि ते मला पटतं, घेऊन लगेच आडवं होण्यात अर्थ नाही, खाली उतरू द्या.

दुधातून की पाण्यातून हा प्रश्न प्रत्येक घरात आहे. कोमट दुधातून छान लागतं, ज्यांना दूध पचतं त्यांनी घ्यावं, काम तेच होतं. पण एक कप दुधात दोन चमचे घातले तर ती खीर झाली, तिथं पाणी कमी पडलं, तेव्हा दूध घेतलं तरी मागून पाणी प्यायचंच.

आता डब्यांबद्दल. टेलिफोन ब्रँडचं सत इसबगोल आपल्या घराघरात आहे, ते सिद्धपूरचंच, माझ्या आजीच्या फळीवर पण तेच असायचं आणि मी पण तेच वापरतो, भुसा स्वच्छ, पांढरट, काड्या-कचरा नाही. सुटं इसबगोल किराणा दुकानात वजनावर मिळतं, स्वस्त पडतं, पण त्यात कधी माती, कधी बियांचा चुरा जास्त असतो, घ्यायचं तर बोटात चोळून बघा, हलकं आणि कोरडं पाहिजे, लालसर बारीक चुरा जास्त दिसला तर सोडा. संत्रं, लिंबू असल्या चवीचे सॅशे येतात ते प्रवासाला सोयीचे, पोरांना पण जातात, पण मागचं लेबल वाचा, कित्येकांत साखर भरपूर असते आणि शुगरवाल्या माणसाने रोज रात्री ती का म्हणून प्यायची. बिनसाखरेचे पण मिळतात, मागून घ्या. बुडबुडे येणाऱ्या सॅशेत सोडियम असू शकतं, बीपीवाल्यांनी तेवढं बघावं. रोजच्या घरच्या वापराला साध्या डब्याला तोड नाही आणि पैशाच्या मानाने तर नाहीच.

"पोट साफ" करणाऱ्या चूर्णांशी ह्याची गल्लत करू नका. त्यातल्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते, ती आतड्याला पिळून काढते, सकाळी धडाधड साफ होतं आणि माणसाला वाटतं वा काय औषध आहे. आमच्या दाजींना असलंच एक चूर्ण कुणीतरी दिलं, ते रोज घेत राहिले, मग चूर्णाशिवाय काही होईनाच, डोस वाढत गेला आणि पातळ संडासच्या सारख्या फेऱ्यांनी मूळव्याध उलट भडकली, कारण जुलाबाने पण ती जागा सोलवटते हे कुणी सांगतच नाही. त्यांना डॉक्टरांनी चूर्ण हळूहळू बंद करून भुशावर आणलं, वेळ लागला पण पोट रांगेला आलं. एखाद्या वेळी सोनामुखी घेणं वेगळं आणि रोज त्याच्यावर जगणं वेगळं.

आता ताटाकडे येतो, कारण नुसत्या चमच्यावर भागत नाही. दिवसाला पंचवीस ते तीस ग्रॅम फायबर पोटात गेलं पाहिजे असं डॉक्टर सांगतात, आणि एक टेबलस्पून इसबगोलने त्यातले चार-पाच ग्रॅम होतात, बाकीचं जेवणातूनच यायचं. आपल्याकडे ह्याची सोय आजी-पणजीपासून आहे. ज्वारीच्या, बाजरीच्या, नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात दहा-अकरा ग्रॅम फायबर असतं, न चाळलेल्या गव्हाच्या पिठात पण तेवढंच, आणि पॉलिशच्या तांदळात किंवा मैद्यात तीन ग्रॅमच्या आसपास. म्हणजे दुपारी भाताच्या ऐवजी ज्वारीच्या दोन मध्यम भाकऱ्या आणि पालेभाजी घेतली की तिथंच दहा-बारा ग्रॅमची सोय झाली. मी मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी आणून गिरणीतून दळून घेतो, भाकरी दोन तास तरी मऊ राहते आणि डब्यात न्यायला बरी पडते. चपाती करत असाल तर पीठ चाळून कोंडा फेकू नका, एवढं एक केलं तरी फरक दिसतो.

भाज्यांत मेथी, पालक, शेपू, अंबाडी, चाकवत, गवार, भेंडी, दोडका काहीही चालतंय, दोडक्याच्या शिरा काढून टाकायच्या ऐवजी त्याची चटणी करा. मोड आलेली मटकी, मूग, हुलगा, हे सगळं भरपूर फायबरचं, फक्त ज्यांना सवय नाही त्यांनी वाटीभराने सुरुवात करावी, नाहीतर गॅस. पेरू बिया-सालासकट, पपई, अंजीर, सीताफळ, संत्र्याचं पांढरं सालपट न सोलता. ज्यूस नको, ज्यूसमध्ये फायबर चोथ्यातच राहतं आणि आपण गोड पाणी पितो. केळ्याबद्दल दोन्ही बाजूने भांडणं ऐकलीत, पिकलेलं केळं मला तर चांगलं जातं, कच्चट केळ्याने काहींना खडा होतो. सुरणाचं आपल्याकडे फार नाव आहे मूळव्याधीवर, आयुर्वेदात तर ते खास सांगितलेलं आहे, आणि घरी आई आठवड्यातून एकदा तरी करते, चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवायचं, नाहीतर घसा खाजतो. सुरणाने मूळव्याध बरी होते असं मी म्हणणार नाही, पण पोटाला जड नाही आणि फायबरची भाजी म्हणून उत्तमच आहे.

ताक. ह्याच्यावर मी मनापासून लिहितोय, कारण आपल्या भागात एवढी चांगली गोष्ट घरात असताना माणसं बाटलीतलं रंगीत पाणी पितात. लोणी काढलेलं पातळ ताक, भाजलेलं जिरं, चिमूटभर सैंधव, दुपारच्या जेवणाबरोबर मोठा ग्लास. आयुर्वेदात अर्शाला, म्हणजे मूळव्याधीलाच, ताक आवर्जून सांगितलंय. त्याचं शास्त्रीय मोजमाप बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट साधी आहे, त्या निमित्ताने पोटात अडीचशे-तीनशे मिली पाणी जातं आणि जेवताना पाणी न पिणाऱ्या माणसाला पण ते जातं. ज्यांना दुधाने पोट बिघडतं त्यांना पण ताक बऱ्याचदा पचतं.

पाण्याचं म्हणाल तर दिवसाला दोन ते अडीच लिटर, उन्हाळ्यात आणि घाम गाळणाऱ्या कामात जास्त. लघवीचा रंग फिका ठेवायचा, एवढं साधं माप मॅडमनी सांगितलं आणि ते मला बाटल्या मोजण्यापेक्षा बरं वाटतं. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास आहे आणि डॉक्टरने पाणी मोजून दिलंय त्यांनी हे माझं ऐकायचं नाही, त्यांना इसबगोल पण विचारूनच. चहा बंद करा असं मी सांगणार नाही, दोन-तीन कप चहाने कुणाचं पाणी आटत नाही, पण ऑफिसात तहान लागली की पण चहाच अशी ज्यांची सवय आहे त्यांचं दिवसभरात साधं पाणी अर्धा लिटर पण होत नाही, आणि तिथं गडबड आहे. दारूचं स्पष्ट सांगतो, दुसऱ्या दिवशी अंगातलं पाणी कमी झालेलं असतं आणि खडा ठरलेला, वर चकणा म्हणून तळलेलं आणि मटण. त्रास चालू असताना तरी नको.

आता तिखट, कारण कोल्हापुरात राहून हा प्रश्न चुकत नाही. मूळव्याध झाली की पहिलं वाक्य कानावर येतं "तिखट बंद". इटलीत २००६ साली ह्याच्यावर एक चाचणी झाली होती, मूळव्याधीच्या पन्नास पेशंटना मिरचीची कॅप्सूल एकदा आणि तशीच दिसणारी रिकामी कॅप्सूल एकदा अशी देऊन बघितली, आणि मिरचीने रक्त, दुखणं, खाज काही वाढलेलं दिसलं नाही. पण ती एका वेळची मिरची होती, आपला रोजचा कट नव्हे, आणि फिशर, म्हणजे चीर पडलेली असेल तर तिखटाने आग वाढते हे ज्याला झालंय त्याला सांगायला नको. आपल्याकडे मूळव्याध आणि फिशर बऱ्याचदा एकत्र असतं, म्हणून कुणाला तिखट चालतं आणि कुणाला दुसऱ्या दिवशी रडू येतं. माझं मत असं की मिरचीपेक्षा तिच्या शेजारी काय असतं ते बघा. मिसळीत मटकी चांगलीच आहे, उसळ जास्त आणि कट कमी मागा, पण खाली मैद्याचा पाव आणि वर मूठभर फरसाण, पाणी अर्धा ग्लास. तांबडा-पांढरा रस्सा प्या की, पण मटणाच्या ताटात फायबर शून्य असतं, मांसात ते नसतंच, तेव्हा ताटात भाकरी, कांदा, काकडी, आणि त्या दिवशी भाताचा दुसरा वाढा नको. त्रास भडकलेला असेल, आग होत असेल, तेव्हा मात्र आठ-दहा दिवस तिखट खरंच आवरा, जीभ हट्ट करेल, करू दे.

उपवासाचं कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. श्रावणात, नवरात्रात सगळ्यात जास्त त्रास होतो असं मी आसपास बघितलंय, आणि कारण साबुदाणा. साबुदाण्यात फायबर नावालाच असतं, वर बटाटा, वर तूप, आणि उपवास म्हणून दिवसभर पाणी पण कमी, तिसऱ्या दिवशी खडा झालाच म्हणून समजा. खिचडी सोडायची नसेल तर वाटीभर खा आणि बाकी राजगिऱ्याची भाकरी, सालासकट रताळं, शेंगदाण्याची आमटी, वरी, काकडीची कोशिंबीर, पेरू, पपई अशी भर घाला. इसबगोल उपवासाला चालतं का असं आई विचारत होती, ते बियांचं साल आहे, धान्य नाही, आमच्याकडे चालवतात, तुमच्याकडची रीत तुम्ही बघा.

बायकांसाठी अजून एक, माझ्या बहिणीमुळे कळलेलं. गरोदरपणात मूळव्याध फार जणींना होते, आणि त्याच वेळी लोहाच्या गोळ्या चालू असतात, ज्यांनी खडा होतो. तसंच रक्त पडून हिमोग्लोबिन कमी झालेल्या माणसाला पण लोहच देतात आणि त्याच लोहाने संडास घट्ट होऊन परत रक्त, असं चक्र फिरत राहतं. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टरला सांगायचं, ते गोळी बदलून देतात किंवा सोबत संडास मऊ राहील असं काही देतात. बहिणीला तिच्या डॉक्टरनी साधं इसबगोलच सांगितलं होतं, कारण ते अंगात शोषलं जात नाही. पण गरोदर बाईने आपापल्या डॉक्टरला विचारूनच घ्यावं, शेजारणीला विचारून नको.

दुसऱ्या औषधांबरोबर दोन तासांचं अंतर ठेवा, कारण ही जेली औषध पण धरून ठेवू शकते. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी आणि भुसा रात्री असं ठेवलं की प्रश्न मिटतो. शुगरच्या, रक्त पातळ करायच्या, हार्टच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरच्या कानावर घाला. चांगली बाजू अशी की इसबगोलने कोलेस्टेरॉल पण थोडं उतरतं, अमेरिकेत १९९८ पासून पाकिटावर हृदयासाठी उपयोगी असं लिहायला परवानगी आहे, म्हणजे घरातल्या मोठ्यांना एका डब्यात दोन कामं.

आता तपासणीचं, ज्याचं वर म्हणालो होतो. रक्त दिसलं की ते मूळव्याधीचंच असतं असं नाही. चाळिशी-पंचेचाळिशीच्या पुढे पहिल्यांदा रक्त आलं, वजन कमी होतंय, संडास काळी डांबरासारखी होते, सवय अचानक बदलली, कधी बद्धकोष्ठ कधी पातळ, अशक्तपणा वाढला, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता, ह्यातलं काहीही असेल तर डबा नंतर आणा, आधी सर्जनला किंवा पोटाच्या डॉक्टरला दाखवा, ते लागलं तर दुर्बिणीने तपासतात. लाज वाटते हे मला पूर्ण मान्य आहे, पण त्यांच्या टेबलावर दिवसाला असे कितीतरी पेशंट येतात, त्यांना त्यात काही नवल नसतं, आणि तपासणी दोन-पाच मिनिटांत होते. भिंतीवरच्या बोर्डवाल्याकडे इंजेक्शन घ्यायला जाऊ नका, तिथं काय टोचतात ते कुणालाच माहीत नसतं आणि जागा जळून बसली की मग खरे डॉक्टर पण हतबल होतात.

बसण्याचं थोडक्यात: कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट घ्या, मोबाईल बाहेर ठेवा, पाच मिनिटांत झालं नाही तर उठा आणि नंतर परत जा. आणि वेग आला की थांबवायचं नाही, ऑफिसात मिटिंग आहे म्हणून दाबून धरलं की मळातलं पाणी आतडं शोषून घेतं आणि मग तुमचा सगळा भुसा पाण्यात.

तर कुणी घ्यावं? ज्यांना संडास कडक होते, कुंथावं लागतं, अधूनमधून ताजं लाल रक्त पडतं आणि डॉक्टरने तपासून साधी मूळव्याध किंवा फिशर सांगितलंय, त्यांनी डोळे झाकून घ्यावं. ज्यांना आधीच दिवसातून तीनदा पातळ होतं त्यांनी मनाने सुरू करू नये. ज्यांना पाणी प्यायचा कंटाळा आहे त्यांना मी हे विकत घ्यायला सांगणार नाही, त्यांनी आधी आठवडाभर तांब्या जवळ ठेवून बघावा.

डबा घेताना तारीख बघा, सील बघा. एकट्या माणसाने शंभर ग्रॅमचाच घ्यावा, मोठा डबा स्वस्त पडतो पण पावसाळ्यात आपल्याकडे हवेतल्या ओलाव्याने भुशाच्या गुठळ्या होतात आणि मग तो ग्लासात नीट पसरत नाही. घरी आणला की कोरड्या काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवा, चमचा ओला नको, आणि ओतताना तोंड जरा लांब धरा, बारीक धूळ उडते, दमा किंवा ॲलर्जी असणाऱ्याला ती बाधते. आमच्याकडे बरणी पाण्याच्या माठाशेजारीच ठेवलीय.